बिलावरची वेगळी ओळ

यशू,

गेलीस तीसुद्धा माझ्या आधी. वयाने मी मोठी, नोकरीला मी आधी लागले, रक्तदाबाच्या गोळ्या मी घेते, आणि नंबर आधी लावलास तू. निपाणीत तुझ्या पुण्यानुमोदनाला मांडव पुरला नाही, माणसं रस्त्यावर उभी राहिली. तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कोणता आला सांगू? माझ्या वेळी एवढी येतील का? उत्तरही लगेच आलं, नाहीत यायची. दुःख झालं नाही असं नाही, पण ते मागून आलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वकीलबाई, मेलेल्या माणसासंगं बी चढाओढ लावलीस व्हय गं?" लावली. इतकी वर्षं लावली ती अशी एकाएकी थांबवायची कशी?

त्या गर्दीत मला सगळ्यात जास्त खुपली ती अगदी मागे बसलेली चार-पाच माणसं. राज्याच्या पार पूर्वेच्या टोकाला तो जुना औष्णिक वीज प्रकल्प आहे ना, तिथले कंत्राटी कामगार. ज्या प्रकल्पाला कुलूप लावायची योजना तू आखलीस, त्याच प्रकल्पातले. बस बदलत बदलत आले होते. त्यांच्यातला एकजण बोलायला उठला आणि कन्नडमध्ये दोनच वाक्यं बोलला. प्रकल्प बंद होणार हे सांगायला बरेच साहेब येऊन गेले, म्हणाला, बंद झाल्यावर तुम्ही खाणार काय हे विचारायला या मॅडम आल्या. एवढं बोलून बसला. मी तुझ्यापेक्षा जास्त वर्षं या खात्यात आहे. माझ्यासाठी अजून कुणी एक बससुद्धा बदललेली नाही.

शेवटची गेलीस तीही तेच विचारायला. दुपारी तिथल्या विश्रामगृहात जेवलीस, खुर्चीत जरा टेकलीस आणि संपलं. जो तो मला सांगतोय की तिला काही त्रास झाला नाही. म्हणजे त्यातही तुझंच बरं. आमच्यासारख्यांना मात्र तू गेलीस हे फोनवर कळायचं, तेही साहेबांच्या, आणि मी "हो, हो" म्हणत राहायचं, जणू कुठली तरी फाइल मागितली आहे.

आपण दोघी वीज कंपनीच्या हिशेब विभागात, टेबलं समोरासमोर. लोक आपल्याला जोडी म्हणायचे. जोडी कसली, शर्यत होती ती. फक्त तिच्यात धावत मी एकटीच होते आणि तुला पत्ताच नव्हता. तुझ्या साध्या सुती साड्या तुला काय शोभायच्या; त्याच दुकानातून मी तसलीच आणली की मी मुख्याध्यापिका दिसायचे. तुझ्या डब्यातला खरडा सगळ्या टेबलांवरून फिरायचा आणि वाटी चाटूनपुसून परत यायची. माझ्या डब्याला कुणी हात लावत नसे. साहेब अवघड फाइल तुझ्याकडे पाठवायचे आणि जाड फाइल माझ्याकडे. तुझ्या माघारी काहीजण कुजबुजायचे, कोट्यातली आहे वगैरे. माझ्यासारख्या जळणाऱ्या बाईला त्यात तेवढाच दिलासा मिळायला हवा होता. पण तुझे आकडे तपासायला माझ्याकडे यायचे, गं. त्यांत मला कधी चूक सापडली नाही. त्यामुळे तोही दिलासा नाही.

आणि तुझं कन्नड. मी मराठी शाळेतली, बेळगावातल्या वकिलाची मुलगी; माझं कन्नड बाजारात भाजी घेण्यापुरतं. नोकरीतल्या कन्नडच्या परीक्षेत मी नापास झाले तेव्हा मला शिकवायला तूच बसलीस, आणि तेही पुस्तकावरून नव्हे, विजेच्या बिलावरून. "मी बी ह्येच्यावरच शिकलो," म्हणालीस. निपाणीत तुमच्या गल्लीत सगळी घरं मराठी बोलणारी आणि बिल येणार कन्नडमध्ये. तुझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला, शेजारणीही तिथेच. वखारीतून परतल्या की बिलं घेऊन त्या तुमच्या ओट्यावर बसायच्या आणि शाळेतून आलेली तू त्यांना एकेक ओळ वाचून अर्थ सांगायचीस. मोठी अधिकारी झालीस तरी ती पद्धत तू मोडली नाहीस. लग्न केलं नाहीस, बदली मागितली नाहीस. रविवार आला की निपाणी, आणि बिलाच्या आठवड्यात ओट्यावर तुझा दरबार. आता बऱ्याच घरांचं बिल शून्य येतं, सरकार भरतं. तरी बायका यायच्याच. शून्य का आलं आणि कुठवर येणार, हे विचारायला.

बरं, बाहेर तू पुढे, निदान माझ्या घरात तरी मी पहिली असावी की नाही? तिथेही तूच. माझे वडील, आप्पा, जन्मभर कोर्टात लोकांना गप्प बसवत आले आणि घरी मला. शनिवारी ऑफिस सुटलं की निपाणीची बस धरण्याआधी तू आमच्याकडे चहाला यायचीस. आमच्या घरात तुझ्या आधी तुमच्या समाजातलं कुणी बैठकीच्या पलीकडे आलेलं नव्हतं. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आप्पांना तर होतंच. पहिल्याच दिवशी तू थेट स्वयंपाकघरात शिरलीस आणि तिथून ओरडून विचारलंस, "साखरंचा डबा कुठं हाय वो आप्पा?" आप्पा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "वरच्या फळीवर, डाव्या हाताला." मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं की आमच्या घरात साखर कुठे असते हे आप्पांना ठाऊकच नाही. त्यानंतर शनिवारी दुपारपासूनच ते धुतलेला सदरा घालून बसायचे. माझ्यासाठी त्यांनी सदरा बदलल्याचं मला आठवत नाही.

प्रकल्प बंद करायची ती कर्जरोख्यांची योजना आप्पांना आधी मी समजावली होती, हे तुला कधी सांगितलं नाही. मुद्दे नीट क्रमाने घेतले होते. मध्येच त्यांना डुलकी लागली. पुढच्या शनिवारी तू सांगायला लागलीस तर यांनी खुर्ची पुढे ओढली.

"बंद करायच्या कारखान्यासाठी नवीन कर्ज काढायचं?" आप्पा म्हणाले. "हे कुठल्या शहाण्याने सांगितलं तुला?"

"आप्पा, ह्या घराचं कर्ज तुम्ही आधी कुणाकडनं काढलं होतं?"

"एका पतपेढीकडून."

"मग बँकेत का न्हेलं?"

"व्याज जास्त लावत होते लेकाचे."

"मग ह्ये बी तेच हाय की."

आणि मग तू सांगितलंस. तो प्रकल्प म्हातारा झालाय, त्याची वीज महाग पडते, वाऱ्याची आणि उन्हाची त्याहून स्वस्त मिळते. पण त्याच्यावरचं कर्ज अजून फिटलेलं नाही. प्रकल्प चालो की न चालो, त्याचे हप्ते, व्याज आणि वर मालकाचा नफा, सगळं आपल्याच बिलातून जातं. नुसतं कुलूप लावलं तरी कर्ज राहतंच. म्हणून एक वेगळी संस्था काढायची आणि तिने कर्जरोखे विकायचे. परतफेड सगळ्या ग्राहकांच्या बिलातून होणार, तशी कायद्याने हमी असणार, म्हणून पैसे देणारे कमी व्याजावर तयार होतात. त्या पैशातून जुनं महाग कर्ज एकदम मोकळं करायचं, प्रकल्प बंद करायचा, कोळशाच्या राखेचा तलाव बुजवायचा आणि कामगारांना, कंत्राटी असले तरी, त्यांच्या पुढच्या सोयीचे पैसे द्यायचे. बिलावर एक लहानसा आकार येणार. रोखे फिटले की तो जाणार. आणि एवढं करून बिल आजच्यापेक्षा कमीच.

मीही हेच सांगितलं होतं, यशू. शब्दन् शब्द हेच. फक्त घराच्या कर्जाचं मला सुचलं नव्हतं, आणि ते घर माझं होतं! त्या घराचे हप्ते मी भरले होते! तू गेल्यावर आप्पा म्हणाले, "पोरगी कोर्टात हवी होती." मी भांडी घासायला घेतली. इतकी जोरात घासली की आप्पांनी आतून विचारलं, काय फुटलं म्हणून.

पण त्याच योजनेत एक जागा होती जिथे मी तुला सोडलं नाही. तो लहानसा आकार बिलावर दाखवायचा कसा? तू म्हणालीस, वेगळ्या ओळीत, स्वतःच्या नावाने. मी म्हटलं, वेड लागलंय. युनिटच्या दरात मिसळून टाक, कुणाच्या लक्षातही येणार नाही. बिलावर आधीच इतके आकार आहेत, कुणी विचारतं का? आणि नवीन ओळ दिसली की हेच लोक अंगावर येतील. वीज आयोगाच्या जनसुनावणीत असा गोंधळ होईल की आयोग सगळी योजनाच गुंडाळून ठेवेल. मग प्रकल्प चालू, महाग वीज चालू आणि तुझ्या कामगारांना दमडी नाही. एका ओळीपायी सगळं घालवशील.

"जे पैसे भरत्यात त्यास्नी दिसाय नको?"

"दिसलं की ओरडतील."

"वरडू देत की. वरडायसाठीच तर सुनावणी ठेवत्यात."

"अगं, त्यांच्याच फायद्याचं आहे ना? मग न सांगता केलं तर बिघडलं काय?"

"न सांगता करायचं तर मग आपल्यात आनि त्या पतपेढीत फरक काय, माधवी?"

यावर मी बोलायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. तू कायम अशीच सुटायचीस. हे भांडण आपण टेबलावर केलं, जिन्यात केलं, बसस्टॉपवर केलं. एकदा जांबोटीला ऑफिसची सहल गेली होती, तर धबधब्याकडे पाठ करून आपण दोघी याच ओळीवरून हातवारे करत होतो आणि बाकीच्यांनी आपल्याला वगळून फोटो काढला. शेवटची त्या प्रकल्पावर जायला निघालीस त्या सकाळीही फोनवर हेच. तू म्हणालीस, "आल्यावर बोलू. पर चुकालीस तूच." मी म्हटलं, बघू. शेवटचं बोलणं म्हणून लोक काय काय सांगतात. माझ्या वाट्याला "बघू" आलंय.

तुझा दिवस झाल्यावर साहेबांनी मला बोलावलं. सुनावणी तोंडावर आली होती. म्हणाले, आता मांडणी तुम्हीच करा, दुसऱ्या कुणाला ते प्रकरण ठाऊक नाही. मग म्हणाले, "त्या वेगळ्या ओळीबद्दल तुमचं मत निराळं होतं ना? काढायची तर आत्ताच काढा. दुरुस्ती दाखल करायला अजून वेळ आहे. मलाही ते जोखमीचंच वाटतं."

इतके महिने मला हेच ऐकायचं होतं. तुझ्या नाकावर टिच्चून ऐकायचं होतं.

टेबलावर येऊन मी संगणकावर तो परिच्छेद उघडला. चारच वाक्यं. तुझं इंग्रजीही किती स्वच्छ, एक शब्द हलवायला जागा नाही, जळफळाट व्हावा असं. एक कळ दाबायची की ओळ गेली. कुणी काही म्हणालं नसतं, साहेबांनी उलट पाठ थोपटली असती. मी ती दाबली नाही. यात माझा काही मोठेपणा होता असं समजू नकोस. तू समोर असताना, तू तोंड वाकडं करत असताना ती ओळ काढायला मी काय वाटेल ते दिलं असतं. पण समोरचं टेबल रिकामं, त्याच्यावर कुणीतरी पाण्याची बाटली ठेवलेली, आणि मी जिंकणार. ते म्हणजे घरात कुणी नसताना एकटीने कॅरम खेळून राणी घेण्यासारखं. मी संगणक बंद केला आणि रविवारी निपाणीची बस धरली. ठरवायचं काहीच नव्हतं. तुझ्या आईला भेटून यावं, एवढंच.

नेमका बिलाचा आठवडा. ओट्यावर तीन-चार बायका बसल्या होत्या. तू नाहीस हे त्यांना माहीत होतं, पण सवय. मावशींनी, म्हणजे तुझ्या आईने, मला चहा दिला आणि एक म्हातारी मला न्याहाळत म्हणाली, "यशूच्या हापिसातली न्हवं तू? मग वाच की."

वाचलं. माझं कन्नड तुला माहीत आहे. अडखळत, बोट ठेवत. म्हातारी प्रत्येक ओळीला विचारणार, "ह्ये काय?" मी म्हटलं, हा स्थिर आकार. "ह्यो कवा जाणार?" म्हटलं, हा जात नसतो, आजी. "आनि ह्यो?" म्हटलं, हा इंधनाचा फरक, कमी-जास्त होतो. "पर जाणार कवा?" म्हटलं, तोही तसा जात नाही.

"म्हंजे आलेलं काय जातच न्हाय व्हय?"

मी बिल उलटून मागची बाजू बघितली.

"यशू असती तर सांगितली असती," म्हातारी म्हणाली आणि बिलाची घडी घालून कनवटीला लावली.

आता तूच सांग, यशू, तू काय वेगळं सांगितलं असतंस? तो आकार खरोखरच जात नाही! तूही तेच सांगितलं असतंस आणि म्हातारीने मान डोलावली असती, कारण सांगणारी तू असतीस. मी रागाने तिचा उरलेला चहासुद्धा भांड्यात ओतून टाकला, तिने अजून संपवलाही नव्हता.

बायका गेल्यावर मी मावशींजवळ बसले. मनात बरेच दिवस होतं ते विचारूनच टाकलं. "मावशी, यशू घरी माझ्याबद्दल बोलायची? तिला कधी माझं काही... म्हणजे आमचं घर, आप्पा, माझं आधी नोकरीला लागणं, कशाचा तरी हेवा वाटायचा?"

मी आशेनेच विचारलं होतं. थोडासा म्हणाल्या असत्या तरी मला पुरलं असतं. माझ्या एकटीच्या शर्यतीत कुणीतरी दुसरं धावत होतं एवढं कळलं असतं. मावशींनी नीट विचार केला. प्रामाणिक बाई, उगाच मन राखायला काही बोलत नाहीत.

"न्हाय गं पोरी," म्हणाल्या. "तिला कुणाचाच हेवा न्हवता. तुझं नाव निघालं की हसायची."

"हसायची?"

"व्हय. म्हणायची, माधवी लई भांडती. तिच्याबिगर माझं काम पक्कं हुईत न्हाय."

परतीच्या बसमध्ये मी पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. हेवा मागायला गेले होते आणि पदरात हे पडलं. तुझं काम माझ्यामुळे पक्कं व्हायचं, आणि हे तू मला कधी बोलली नाहीस, आईला सांगितलंस. मला आनंद झाला, खूप झाला, आणि त्याच्या पाठोपाठ असा संताप आला. माणसाने एवढं निर्मळ असू नये गं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला त्याचा त्रास होतो.

सोमवारी साहेबांनी विचारलं, दुरुस्ती? मी म्हटलं, असू दे तशीच.

काल सुनावणी झाली. बेळगावात, सभागृह भरलेलं. शेतकरी, दुकानदार, उद्यमबागेतले कारखानदार. मी उभी राहिले, माझ्या हातात तुझे कागद. कन्नडमध्ये बोलले, चुका झाल्या, कुणी हसलं नाही. घराच्या कर्जाचं उदाहरण मी सरळ उचललं. ते घर माझं आहे, माझा हक्क आहे. लोक ऐकत होते, माना डोलत होत्या. मग ती ओळ आली.

मी सांगितलं होतं ना! अगदी तसंच झालं. कसला आकार, कशासाठी, आम्ही का भरायचा, एकच गलका. उद्यमबागेतले एक फौंड्रीवाले आण्णा उठले, तेही भडकून, मराठीतच सुरू झाले. "बाई, उद्या माझी भट्टी बंद पडली तर माझ्या कर्जाची ओळ तुमच्या बिलावर घालून घेताय काय?" सगळं सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. मला इतका आनंद झाला, यशू! मी बरोबर होते! मी चटकन डावीकडे वळून बघितलं, बघ, म्हणून सांगायला. तिथे खुर्चीवर साहेबांची बॅग होती.

गलका वाढला तसा आयोगाच्या अध्यक्षांनी हात वर केला. शांतपणे कन्नडमध्ये विचारलं की या वेगळ्या ओळीने एवढा गैरसमज होत असेल तर हा आकार दरात मिसळायला कंपनी तयार आहे का? आयोगाची हरकत नाही. साहेब माझ्याकडे बघून मान हलवत होते, हो म्हणा, हो म्हणा. माझंच म्हणणं, माझेच शब्द, अध्यक्षांच्या तोंडून. मी नुसतं हो म्हणायचं होतं.

"न्हाय," मी म्हटलं.

मराठीत. तेही तुमच्या निपाणीच्या मराठीत, जी मी उभ्या जन्मात बोललेली नाही. अध्यक्षांना कळेना. मग मी कन्नडमध्ये सांगितलं, नाही सर, कंपनी तयार नाही. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

आण्णा अजून उभेच होते. "बरं, समजा ठेवली ओळ. फिटल्यावर काढणार कोण? आजवर बिलावर आलेला कुठला आकार गेलाय सांगा!"

मी म्हटलं, कुठलाच नाही. कंपनीची बाई असं बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं. म्हटलं, म्हणूनच ही वेगळी ठेवायची. दरात मिसळली तर ती कधी संपली ते तुम्हाला कळणार नाही, आणि खरं सांगते, काही वर्षांनी आम्हालाही कळणार नाही. वेगळी असेल तर तुम्ही बिल घेऊन आमच्या दारात याल आणि विचाराल, ही अजून का आहे? ते तुम्हाला विचारता यावं म्हणून ही ओळ आहे.

 आण्णा म्हणाले, "मग शेवटची तारीख बी छापा की त्याच ओळीत. अमुक महिन्यात संपणार म्हणून. म्हंजे कुणाला विचारायची बी गरज न्हाय."

आणि बसले. अध्यक्षांनी मला ते भाषांतर करायला सांगितलं, मी केलं, त्यांनी लिहून घेतलं. शेवटची तारीख त्याच ओळीत! इतके महिने आपण भांडलो, मला सुचलं नाही आणि, ऐक नीट, तुलाही सुचलं नाही. ते सुचलं तेव्हा समोर मी उभी होते, तू नव्हतीस. जळ आता तू जरा.

आयोगाने निकाल राखून ठेवलाय. काय होईल ते कळेल. बाहेर पडताना साहेब म्हणाले, "कमाल आहे तुमची. तुम्ही तर त्या ओळीच्या विरोधात होता ना?" मी म्हटलं, अजूनही आहे.

आणि आहेच. रिक्षात बसल्यावर मी लगेच माझी बाजू काढली. नशीब म्हणून निभावलं, आण्णा समजूतदार निघाले, दुसरं कुणी असतं तर काल सगळी योजना बुडाली असती आणि तुझे ते कामगार उघड्यावर पडले असते. मुद्दा बिनतोड होता. पण त्यावर उत्तर द्यायला तू नाहीस, म्हणून तुझं उत्तरही मीच दिलं. मग त्यावर माझं, मग पुन्हा तुझं. रिक्षावाला आरशातून बघत होता. घर येईपर्यंत माझी बाजू पार आडवी झाली होती.

सगळ्या बाबतीत तू पुढे, पण एका गोष्टीत मी तुला हार जाणार नाही, असं मी आजवर धरून चालले होते. भांडते मी चांगली. आता कळलं की मी चांगली भांडते ती तुझ्या बाजूने बोलताना. एवढं एक तरी माझ्याकडे राहू द्यायचं होतंस, यशू.